सही कशाच्या जोरावर? लेखा-व्यवसायातली नीती आणि चालू प्रश्न यांच्या अभ्यासाला सुरुवात कशी करावी

इंदूरच्या कापड बाजारातला एक व्यापारी समजा. त्याला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (मालाच्या तारणावर ठरावीक रकमेपर्यंत उचलता येणारं कर्ज) आहे आणि दर महिन्याला तो बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. मार्चअखेरच्या स्टेटमेंटमध्ये माल आहे ८० लाखांचा, पण वह्यांत त्याच तारखेला ५२ लाखांचाच. बँक २५ टक्के मार्जिन कापते, म्हणजे ८० लाखांवर ६० लाख उचलता येतात आणि ५२ लाखांवर ३९ लाख. मधल्या २१ लाखांच्या कर्जाखाली माल दिसत नाही. (उधारी आणि येणी बाजूला ठेवून हिशेब मुद्दाम सोपा केला आहे.) ऑफिसातल्या नव्या मुलाला निरोप येतो, "बँकेला सर्टिफिकेट हवंय, मागच्या वर्षीच्या फॉरमॅटवर आकडे टाक आणि सहीला ठेव."

या व्यवसायातली नीती शिकणं म्हणजे अशा वेळी कोणता प्रश्न विचारायचा ते शिकणं. प्रश्न एकच आहे: ही सही कशाच्या जोरावर? म्हणजे काय पाहिलं, कुणी पाहिलं, कधी पाहिलं आणि पाहिल्याचा कागद कुठे आहे. पुढचा सगळा अभ्यास या प्रश्नाभोवती बांधला आहे. बी.कॉम. करणाऱ्यांना, सी.ए. इंटर किंवा फायनलला बसणाऱ्यांना, आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी) नुकतीच सुरू केलेल्यांना आणि सियागंजात किंवा पिथमपूरला हिशेबाची नोकरी धरलेल्यांनाही तो जमेल. आठवड्याला पाच तास दिले तर आठ आठवडे लागतात.

पहिला आठवडा: टेबलावर काय हवं

सनदी लेखापाल अधिनियम १९४९ च्या दोन अनुसूची छापून घ्या. पानं थोडी आहेत. पहिल्या अनुसूचीच्या पहिल्या भागात १२ क्लॉज आहेत, दुसऱ्या अनुसूचीच्या पहिल्या भागात १०. प्रॅक्टिस करणाऱ्यांविषयीचे बहुतेक प्रश्न या २२ क्लॉजभोवतीच फिरतात. दोन अनुसूचींतला फरक पहिल्याच दिवशी पक्का करा. पहिल्या अनुसूचीतली प्रकरणं शिस्त मंडळाकडे जातात. तिथे ताकीद, तीन महिन्यांपर्यंत नाव काढणं आणि एक लाखापर्यंत दंड अशा शिक्षा आहेत. दुसऱ्या अनुसूचीतली, किंवा दोन्हींत बसणारी, शिस्तपालन समितीकडे जातात. तिथे नाव कायमचंही काढलं जाऊ शकतं आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. जाहिरात करणं पहिल्या अनुसूचीत आणि घोर निष्काळजीपणा दुसऱ्या अनुसूचीत का, हे स्वतःशी बोलून पाहा. पहिलीत बरंचसं व्यवसायबंधूंशी आणि धंदा मिळवण्याशी जोडलेलं आहे. दुसरीत अहवालावर विसंबणाऱ्या तिऱ्हाइताचं नुकसान आहे.

मग आयसीएआयची, म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेची आचारसंहिता. २०१९ मध्ये सुधारलेली ही संहिता १ जुलै २०२० पासून लागू झाली. तिचे तीन खंड आहेत: पहिला आंतरराष्ट्रीय संहितेवर बेतलेला, दुसरा आपल्या कायद्यावर, तिसरा शिस्तभंगाच्या प्रकरणांचा. नवशिके पहिल्या खंडापासून सुरू करतात आणि थोड्याच पानांत दमतात. आमचा आग्रह आहे की तिसऱ्यापासून सुरू करावं. प्रकरण वाचलं की नियम का आला ते कळतं, मग पहिला खंड आपोआप सोपा होतो. पीडीएफ उतरवताना आवृत्ती आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅप गटांत जुन्या प्रती फिरत राहतात आणि चुकीचं पाठ होतं.

लेखापरीक्षण मानकांपैकी सुरुवातीला चारच घ्या: एसए २३० (कागदपत्रं ठेवणं), २४० (फसवणूक), ५०० (पुरावा) आणि ५०५ (बाहेरून घेतलेली खातरजमा). बाकीची नंतर. नव्या अभ्यासक्रमात इंटरचा पाचवा पेपर 'ऑडिटिंग अँड एथिक्स' आहे आणि फायनलच्या तिसऱ्या पेपराच्या नावातच 'प्रोफेशनल एथिक्स' आहे. त्यामुळे ही मेहनत परीक्षेतही कामी येते.

भाषेचा गुंता आधी सोडवा

इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याची एक वेगळी अडचण असते. घरात मराठी, बाजारात आणि ऑफिसात हिंदी, कायदा इंग्रजीत. त्याच कामाला हिंदी पुस्तकात 'अंकेक्षण' म्हणतात, मराठीत 'लेखापरीक्षण'. सी.ए.ची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. म्हणून संज्ञा परीक्षेच्या भाषेत पाठ करा, पण अर्थ मराठीत लिहा. पाठांतराची खरी कसोटी तिथेच लागते.

इंटेग्रिटी आणि ऑब्जेक्टिव्हिटी हे दोन शब्द घ्या. दोन्हींपुढे 'प्रामाणिकपणा' लिहिणारे खूप आढळतात आणि पुढे प्रत्येक उत्तरात त्यांची गल्लत होते. इंटेग्रिटी म्हणजे सचोटी: खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या आकड्याशी आपलं नाव जोडू न देणं. ऑब्जेक्टिव्हिटी म्हणजे निःपक्षपातीपणा: नात्याचा, पैशाचा किंवा दडपणाचा निर्णयावर परिणाम होऊ न देणं. एखादा माणूस पुरता सचोटीचा असून पक्षपाती असू शकतो. बहिणीच्या दिराच्या पेढीचं ऑडिट करताना खोटं तो लिहिणार नाही, पण चार प्रश्न कमी विचारेल. उरलेली तीन तत्त्वं, म्हणजे व्यावसायिक क्षमता व योग्य काळजी, गोपनीयता आणि व्यावसायिक वर्तन, एवढी गुंतत नाहीत.

दुसरा आठवडा: पाच धोके

तत्त्वांना कुठून तडा जातो, ते संहितेनं पाच धोक्यांत मांडलं आहे. स्वतःचा स्वार्थ, स्वतःच्याच कामाची तपासणी, अशिलाची वकिली, सलगी आणि दडपण. प्रत्येकापुढे आपल्या गावातली दोन उदाहरणं लिहा, पुस्तकातली नकोत.

स्वार्थ ओळखायला सोपा: ऑफिसची निम्मी फी एकाच घराण्याच्या चार फर्मांकडून येते. दडपणही ऐकलेलं असतं, "नाही जमत तर दुसरे सी.ए. बघतो." स्वतःच्या कामाची तपासणी मात्र नवशिक्याला दिसत नाही, कारण लहान ऑफिसात ती रोजची गोष्ट वाटते. ज्या ऑफिसनं वह्या लिहिल्या त्यानंच त्यांचं ऑडिट करायचं नाही. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १४४ लेखापरीक्षकाला हिशेब लिहिण्यापासून अंतर्गत लेखापरीक्षणापर्यंत अनेक सेवा द्यायला थेट मनाई करतं.

सलगीवर थोडं जास्त थांबा. इंदूरचा मराठी समाज एकमेकांना धरून आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली घरं लग्नकार्यांनी आणि गणेशोत्सवांनी जोडलेली आहेत आणि अशील बहुतेक ओळखीतूनच येतात. त्यात गैर काही नाही. ओळखीमुळे कोणता कागद मागायचा राहून गेला, एवढंच पाहायचं. सलगीची खूण एका वाक्यात सापडते: "त्यांचं असू दे, ते आपलेच आहेत." हे वाक्य ऐकलं की त्या फाइलीत बँकेची खातरजमा, देणेकऱ्यांची यादी आणि मालाची मोजणी आहे का, ते लगेच बघा. कंपनी कायद्याच्या कलम १४१ मध्ये नातेवाइकांच्या शेअरना (दर्शनी किंमत एक लाखापर्यंत) आणि कर्जाला (पाच लाखांपर्यंत) आकड्यांची मर्यादा घातली आहे. ते आकडे पाठ असायलाच हवेत. पण कलमात न बसणारी सलगीही धोकाच असते, आणि तिच्यावर काय उपाय केला हे फाइलीत लिहावं लागतं: दुसऱ्या भागीदाराकडून तपासून घेतलं, की काम सोडलं?

तिसरा आठवडा: व्हाउचरची फाइल

एखाद्या पेढीची नगद खर्चाची एक महिन्याची फाइल परवानगीनं घेऊन बसा. कामावर नसाल तर सरावासाठी स्वतः तीस व्हाउचरं बनवा आणि मित्राकडून त्यांत पाच खोट्या गोष्टी पेरून घ्या.

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त खर्च रोखीनं दिला, तर आयकरात तो खर्च मान्य होत नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. म्हणून फाइलीत ९,८०० आणि ९,९०० ची व्हाउचरं सापडतात. रक्कम हा निव्वळ इशारा आहे, पुरावा कागदावर शोधायचा. व्हाउचर पॅडचे छापील क्रमांक पाहा. तारखा तीन आठवड्यांत विखुरलेल्या आणि क्रमांक ११४, ११५, ११६, ११७ असे सलग असतील, तर चारही एका बैठकीत लिहिली गेली असावीत. शाई आणि अक्षर एकच आहे का, ५,००० वरच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का, घेणाऱ्याची सही दर वेळी वेगळी वळते का, हे बघा. मग पंचांग काढा. रंगपंचमी बहुधा मार्चमध्ये वर्षअखेरीच्या गडबडीत येते. ज्या दिवशी राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची मिरवणूक) निघते आणि आसपासचा बाजार बंद असतो, त्या दिवशी तिथल्याच दुकानात सहा हमालांना मजुरी दिल्याचं व्हाउचर असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर खरंही असू शकतं. आदल्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवशी लिहिलं असेल. पण विचारल्याची नोंद हवी.

घरखर्च दुकानाच्या खात्यात घालण्याची सवयही याच फाइलीत दिसते. होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे हिशेब असत आणि अहिल्याबाईंनी देवळं-घाट खासगीतून बांधले, हे इंदूरच्या घरात मुलांनाही माहीत असतं. हा भेद मालकाला समजावताना खूप उपयोगी पडतो. अशिलाचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवायचा, हा दुसऱ्या अनुसूचीतला दहावा क्लॉजही त्यातून लगेच कळतो.

चौथा आठवडा: एका पानाचं प्रकरण

आता सुरुवातीच्या कापड व्यापाऱ्याकडे परत या. एका पानावर पाच रकाने करा: काय घडलं, कोण विसंबून आहे, धोका कोणता, क्लॉज किंवा मानक कोणतं, आणि आपण काय लिहू. हे पान एकाच्या वर जाऊ देऊ नका.

पहिल्या रकान्यात आकडे आणि तारखाच, विशेषणं नकोत. 'व्यापाऱ्यानं बँकेला फसवलं' असं लिहिणारा अभ्यास सुरू होण्याआधीच संपवतो. फरकाला कारण असू शकतं. स्टेटमेंटमध्ये माल विक्रीच्या भावानं धरला असेल, तर २० टक्के नफा धरून ५२ लाखांचे ६२.४० लाख होतात. तरीही १७.६० लाख उरतात. काही माल रंगाईला बाहेर असेल, तर त्याची चलनं मागा. ३० मार्चला माल गेला आणि बिल २ एप्रिलला फाटलं असेल, तर ट्रान्सपोर्टची बिल्टी बघा. ही तिन्ही कारणं तपासल्यावर जे उरेल तो खरा प्रश्न.

विसंबून कोण? बँक, आणि तिच्यामागे ठेवीदार. धोका? सलगी आणि दडपण, दोन्ही. क्लॉज? दुसऱ्या अनुसूचीच्या पहिल्या भागातला दुसरा, कारण स्वतः किंवा आपल्या माणसानं न तपासता प्रमाणपत्र देणं त्यात येतं. माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवली तर पाचवा, काळजीच घेतली नाही तर सातवा. अशीलाची कंपनी असेल आणि मंजूर कार्यकारी भांडवल पाच कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणपत्रं वह्यांशी जुळतात का, हे कॅरो २०२० (लेखापरीक्षकाच्या अहवालात काय हवं ते सांगणारा सरकारी आदेश) खाली लेखापरीक्षकाला लिहावंच लागतं.

शेवटचा रकाना सर्वांत अवघड. तिथे प्रमाणपत्राचं नेमकं वाक्य लिहा. 'मालाची किंमत बरोबर आहे' हे लिहिता येत नाही. 'व्यवस्थापनानं दिलेल्या मालाच्या यादीतले नग आणि दर अमुक तारखेपर्यंतच्या खरेदी बिलांशी व स्टॉक रजिस्टरशी आम्ही ताडून पाहिले. मालाची प्रत्यक्ष मोजणी आम्ही केलेली नाही' हे लिहिता येतं, कारण ते केलेलं आहे. विशेष प्रमाणपत्रांविषयीची आयसीएआयची २०१६ ची सुधारित मार्गदर्शक टीप या वाक्यरचनेसाठीच वाचा. अशी दहा प्रकरणांची पानं तयार झाली की क्लॉज पाठ करायची वेगळी गरज उरत नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा: चालू प्रश्न

सगळे एकदम धरू नका. दोन खोलवर घ्या, बाकीच्यांची तोंडओळख ठेवा.

पहिला ऑडिट ट्रेल. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. छोट्या प्रायव्हेट लिमिटेडलाही सुटका नाही. मालकी पेढी आणि भागीदारी फर्म मात्र या नियमात येत नाहीत. लेखापरीक्षकाला चार गोष्टींवर बोलावं लागतं: सोय होती का, वर्षभर सगळ्या व्यवहारांना चालू होती का, तिच्याशी छेडछाड झाली का आणि ती जपून ठेवली का.

टॅलीच्या एडिट लॉगचं उदाहरण घ्या. व्हाउचरची तारीख १२ मे, पण ते तयार झालं २६ सप्टेंबरला रात्री पावणेबाराला. अशी एखादी नोंद चूक दुरुस्तीची असते. तीनशे असतील, तर वर्षभर वह्या लिहिल्याच गेल्या नव्हत्या. बिघाड बहुधा तीन जागी होतो. सगळे एकाच अ‍ॅडमिन लॉगिननं काम करतात, त्यामुळे बदल कुणी केला ते कळत नाही. वर्षभर एक्सेलमध्ये लिहून शेवटी एकदम आयात करतात. किंवा नवी कंपनी उघडून डेटा तिथे हलवतात, मग लॉग कोरा दिसतो. शेवटचा प्रकार पकडायचा तर जीएसटी विवरणपत्रं भरल्याच्या तारखा आणि लॉगची पहिली तारीख शेजारी ठेवा.

दुसरा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि गोपनीयता. अशिलाचं बँक स्टेटमेंट, पॅन किंवा पगारपत्रक फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून सारांश मागणं आता हातातली गोष्ट झाली आहे. हे करण्याआधी दुसऱ्या अनुसूचीचा पहिला क्लॉज वाचा: अशिलाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कामाबाहेरच्या कुणालाही द्यायची नाही. यंत्रावर टाकलेली माहितीही बाहेर गेलेलीच असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ वेगळाच. दुसरी बाजू क्षमतेची. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेलॉइट या सल्लागार कंपनीनं सरकारला दिलेल्या एका अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, अहवालात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याचं समोर आलं आणि शुल्काचा काही भाग परत करावा लागला. ज्यानं सही केली त्यानं ते संदर्भ उघडून पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. सरावासाठी यंत्राला एखादं कलम विचारा आणि मूळ कायद्याशी शब्दाशब्दानं ताडा. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात. इथे यंत्र आणि जुन्या नोट्स दोन्ही फसवतात.

तोंडओळखीत हे ठेवा. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेनं अशिलाच्या वतीनं काही व्यवहार करणारे सी.ए. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले: मालमत्तेची खरेदी-विक्री, पैसा किंवा बँक खातं सांभाळणं, कंपन्या उभारणं-चालवणं. नुसतं ऑडिट त्या यादीत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

सूक्ष्म आणि लघू उद्योगांना करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षअखेरीला थकलेला खर्च त्या वर्षी मिळत नाही. त्यातून ३१ मार्चचा चेक लिहून कपाटात ठेवण्याची युक्ती निघते. एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट बघितल्याशिवाय ती दिसत नाही.

मालाशिवाय फिरणारी जीएसटी बिलं हा तर फौजदारी विषय आहे. इनव्हॉइस पोर्टलवर दिसलं म्हणून माल आला असं होत नाही. काट्याची पावती, ई-वे बिल आणि गोदामाची नोंद तिन्ही मागा.

सातवा आठवडा: आदेश कसा वाचायचा

एनएफआरए (राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण) ही संस्था १ ऑक्टोबर २०१८ ला स्थापन झाली. सूचीबद्ध आणि मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर ती देखरेख करते. सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत काम करण्यास मनाई करण्याचा अधिकार तिला आहे. तिचे आदेश संकेतस्थळावर मिळतात. सुरुवातीला दंडाचं पान वाचू नका. लेखापरीक्षकाचं म्हणणं आणि त्याच्यापुढे फाइलीत काय सापडलं, हे दोनच भाग काढा. बऱ्याच ठिकाणी एकच दृश्य दिसतं: "आम्ही तपासलं होतं," आणि तपासल्याचा कागद नाही. एसए २३० प्रमाणे अहवालानंतर साधारण ६० दिवसांत फाइल बांधून पूर्ण करायची आणि सात वर्षं जपायची. नंतर घातलेला कागद चौकशीत उलटतो.

पहिलं प्रकरण म्हणून सत्यम ही हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी घ्या. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्षांनी कबूल केलं की वह्यांतल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक ही तपासायला सर्वांत सोपी गोष्ट. म्हणूनच एसए ५०५ सांगतं की खातरजमेचं पत्र कुणाला जाईल, कसं जाईल आणि उत्तर कुठे येईल यावर लेखापरीक्षकाचाच ताबा हवा. पत्र अशिलाच्या माणसाच्या हाती देऊन उत्तरही त्याच्याकडूनच घेतलं, तर ती बँकेची खातरजमा राहत नाही. लहान ऑफिसातही हीच चूक रोज होते.

दुसरं प्रकरण अभ्यासकांसाठीच आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं अर्न्स्ट अँड यंग या ऑडिट फर्मला १० कोटी डॉलरचा दंड केला. तिथल्या ऑडिट कर्मचाऱ्यांनी परवान्यासाठी लागणाऱ्या नीतीच्या परीक्षेत उत्तरं फिरवली होती. मॉड्यूलची उत्तरं गटावर मागण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हा आदेश जरूर वाचावा.

आठवा आठवडा: उत्तर लिहिणं, आणि ऑफिसात बोलणं

परीक्षेत क्रम ठेवा: तरतूद, प्रश्नातल्या घटना, त्या तरतुदीला कशा लागतात, निष्कर्ष. 'हे अनैतिक आहे' एवढ्यावर गुण मिळत नाहीत. अनुसूची, भाग आणि क्लॉज तिन्ही लिहा. अनुसूची चुकवण्यापेक्षा क्लॉजचा क्रमांक गाळून शब्द नीट लिहिणं परवडतं. टक्केवारीवर फी घेणं (पहिल्या अनुसूचीतला दहावा क्लॉज) विचारलं, तर विनियम १९२ मधले अपवाद आठवा. आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी न कळवता काम घेणं (आठवा क्लॉज) विचारलं, तर पत्र पाठवणं पुरेसं नसतं, ते पोचल्याचा पुरावा लागतो.

ऑफिसातली परीक्षा वेगळी. आर्टिकलशिपच्या मुलाकडे सही नसते, पण तपासणीचा कागद त्याच्याच हातचा असतो. चुकीचं करायला सांगितलं तर वाद घालू नका, हो म्हणूनही बसू नका. "सर, मालाची यादी मला मिळालेली नाही. मिळाली की मी ताडून देतो," एवढं बोला. मग कामाच्या कागदावर तारीख, मागितलेला कागद आणि मिळालेलं उत्तर लिहून आद्याक्षरं टाका. न पाहिलेल्या गोष्टीपुढे बरोबरची खूण कधीही करू नका, घाईतसुद्धा नाही. कंपनीत एक कोटी किंवा त्याहून मोठी फसवणूक दिसली, तर लेखापरीक्षकानं दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवायचं, ४५ दिवस उत्तराची वाट पाहायची आणि त्यानंतर १५ दिवसांत केंद्र सरकारला एडीटी-४ या फॉर्ममध्ये कळवायचं असतं. म्हणून तुमची शंका वरिष्ठांपर्यंत त्याच दिवशी पोचली पाहिजे. तारीख तिथूनच मोजली जाते.

अभ्यास तीन-चार जणांनी मिळून करा. दर रविवारी एकानं एका पानाचं प्रकरण मांडावं आणि बाकीच्यांनी व्यापारी, बँकेचा मॅनेजर आणि तक्रारदार अशा बाजू घ्याव्यात. अशिलाचं नाव, गाव किंवा ओळखू येईल असा आकडा प्रकरणात ठेवू नका. गोपनीयता या बैठकीलाही लागू आहे.

शेवटच्या बैठकीत हाताशी आलेली तीन सही झालेली प्रमाणपत्रं घ्या, घरच्यांच्या बँक किंवा व्हिसाच्या कामातली चालतील. प्रत्येकावर १८ अंकी-अक्षरी यूडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असायला हवा: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सदस्य क्रमांकाचे, उरलेले दहा यंत्रानं दिलेले. सहीच्या तारखेपासून ६० दिवसांत तो काढावा लागतो आणि आयसीएआयच्या यूडीआयएन संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. पोर्टलवर दिसणारे आकडे कागदावरच्या आकड्यांशी ताडा, सहीची तारीख ताडा. मग प्रमाणपत्रातल्या एकेका वाक्याखाली पेन्सिलीनं लिहा: हे पाहिलं असेल, हे नुसतं सांगितलं गेलं असेल, हे सांगता येत नाही.